बादल ऊर्फ मार्को राठोड

आठवडाभर झड लागली होती. ना जोर, ना उघडीप, नुसती रिपरिप. पांढरकवड्याच्या मैदानाचा पार राबडा झाला होता, आणि त्या राबड्यात काळ्या जर्सीतली एक मुलगी हात उंच करून उभी होती. हातात लाल कार्ड. सामना संपत आलेला. दोन्हीकडे एक-एक गोल.

"बाहेर!" बबिता चव्हाण म्हणाली.

समोर तो होता. उंच, सडसडीत, कपाळावर चिकटलेले केस, किंचित तिरके डोळे आणि गालावर चिखलाचा पट्टा. बंजारा तांड्याच्या संघात हा कोण नवा, हे बबिताला ठाऊक नव्हतं. सामन्याआधी तिनं नाव तेवढं वाचलं होतं. बादल राठोड.

झालं होतं ते असं. गोलकीपर पुढं धावून आला नि घसरला. मागं गोल मोकळा. समोरच्या संघाच्या पोरानं चेंडू मारला, तो सरळ आत चाललेला. तेवढ्यात या बादलनं गोलरेषेवर स्वतःला झोकून दिलं. प्रेक्षकांकडं त्याची पाठ होती. त्यांना वाटलं ते एवढंच, की पोरानं चेंडू छातीवर झेलला. पण बबिता बाजूला होती, अगदी रेषेच्या सरळ. तिला तळहात दिसला.

"छातीले लागला, छातीले!" दोरीपलीकडून गलका उठला. त्यात तांड्याचे प्रमुख, नायक लखीराम राठोड, छत्री मिटून, भिजत उभे होते. "बबिता! आपल्याच पोराले बाहेर काढतं काय वो?"

बबिता तांड्याचीच. नाल्याच्या अलीकडं तिचं घर, पलीकडं नायकाचं. लहानपणी ती त्यांच्या अंगणात खेळलेली. पण हात खाली आला नाही.

तो जवळ आला. त्याच्या पापण्यांवरून निथळणारं पाणी तिला दिसलं, एवढा जवळ. वाद घालेल, शिवी देईल असं तिला वाटलं. तो मान झुकवून हळूच म्हणाला,

"हात दिसली काय?"

"दिसला," ती म्हणाली. "आता निघा."

तो हसला. चक्क हसला! आणि चिखल तुडवत निघून गेला. बबिताला राग यायला हवा होता. तो आलाच... पण रागाच्या मागोमाग छातीत काहीतरी चुकल्यासारखं झालं. तिनं घाईघाईनं चेंडू पेनल्टीच्या जागी ठेवला.

पेनल्टीवर गोल झाला. तांडा हरला. फायनल गेली.

मैदान रिकामं झालं तेव्हा बबिता स्कूटीकडं गेली, तर दोन्ही चाकांतली हवा कुणीतरी काढलेली. तिनं ओठ घट्ट मिटले. रडायचं नाही, निदान इथं तरी नाही. हँडल धरून ती ढकलायला लागली. चिखलात गाडी हलेना.

"मी ढकलते," मागून आवाज आला.

तोच. खांद्यावर बॅग, पायात आता साध्या चपला.

"काही गरज नाही."

"मी ढकलते ना."

"ढकलतो म्हणा! तुमी काय बाई आहे?"

तो गोंधळला. "माझी काकी फोनवर असंच बोलते. मी काकीकडून शिकते."

"शिकतो."

"तू पण शिकतो?"

बबिताला हसायचं नव्हतं. तरी हसू फुटलंच. आणि ते फुटल्यावर हँडल तिच्या हातातून त्याच्या हातात कधी गेलं, ते तिला कळलं नाही.

हायवेच्या कडेला इमरानभाईंचं पंक्चरचं दुकान होतं. पत्र्यावर पाऊस वाजत होता, समोरून हैदराबादकडं जाणारे ट्रक पाणी उडवत जात होते. इमरानभाईंनी हवा भरायला घेतली आणि न विचारता दोन चहा पाठवले. तिथं, लाकडी बाकावर, हिंदी, तांड्याची गोरमाटी बोली आणि वऱ्हाडी यांच्या त्याच्या खिचडीतून बबिताला त्याची गोष्ट कळत गेली.

त्याचा बाप देवीलाल. लखीराम नायकांचा धाकटा भाऊ. तरुणपणी मस्कतला क्रेन चालवायला गेला. तिथल्या दवाखान्यात एक नर्स होती, फिलिपाइन्सची, लूझ नावाची. देवीलालचा हात मोडला, तिनं तो बांधला, आणि पुढचं सगळं मग तिथंच जुळलं. मुलगा झाला. बापानं नाव ठेवलं बादल, आईनं मार्को. मस्कतच्या वाळूत तो चेंडू खेळायला शिकला. बाप तिथंच वारल्यावर आई त्याला घेऊन मनिलाला परतली. तिथं तो मोठ्या क्लबात शिरला, मग थायलंडमध्ये दोन हंगाम खेळला. आता दक्षिणेतल्या एका भारतीय क्लबानं त्याला बोलावलं होतं. सगळं ठरलं होतं, पावसाळा सरला की सही. त्याआधी तो बापाचा तांडा पाहायला आला होता. आयुष्यात पहिल्यांदाच.

"म्हणजे तुमी... खरेखुरे खेळाडू आहे?" बबिता थबकली. "टीव्हीवरचे?"

"टीव्हीवर मार्को राठोड. इथं बादल." त्यानं ओठांवर बोट ठेवलं. "कुणाले सांगू नको. क्लबचा नियम आहे. सुट्टीत दुसरीकडं खेळायचं नाही. कळलं तर... खलास."

"मंग कायले खेळले?"

तो चहाच्या कपाकडं पाहत राहिला. "मस्कतमध्ये मला फिलिपिनो म्हणायचे. मनिलात 'बोंबाय' म्हणायचे, हिंदुस्तानी माणसाला तिकडं तसंच म्हणतात. इथं बसमधून उतरलो, तर एक काका विचारतो, 'नेपाळहून आला काय?'" तो हसला, पण डोळे हसले नाहीत. "माझा सख्खा काका म्हणाला, याच मैदानावर तुझा बा अनवाणी खेळत होता. एक मॅच खेळ. मग मी नाही कसं म्हणू?"

"अन् हात?"

"बाच्या गावात... पहिल्याच दिवशी... मला हरायचं नव्हतं."

बबितानं कप खाली ठेवला. "मले बी काही हौस नव्हती. पण मी पाह्यलं ते पाह्यलं."

"माहीत आहे," तो म्हणाला. "म्हणून तर मागून आलो."

"काहून?"

"काहून..." तो शब्द त्यानं चवीनं घोळवला. "छान शब्द आहे. काहून माहीत नाही."

दुसऱ्या दिवशी शाळेत मुलींचा खेळाचा तास घेताना बबिताला जिल्हा संघटनेच्या सचिवांचा फोन आला. तांड्याच्या संघानं तक्रार केली होती. रेफरीनं मुद्दाम खोटा निर्णय दिला, सामना पुन्हा घ्या. रविवारी फायनल होती, ती बबितालाच मिळाली होती. त्यातल्या कामावरून राज्याच्या रेफरींच्या पॅनलवर तिचं नाव जाणार होतं. किती वर्षं धावली होती ती त्यासाठी! आता रविवारी सकाळी चौकशी, आणि तोवर सगळंच लटकलं.

"व्हिडिओ आहेत मॅडम, पण हात कशातच दिसत नाही," सचिव म्हणाले. "सगळा तांडा एका बाजूनं आहे अन् तुम्ही एकट्या."

घरी आई, जमनी, चुलीपुढं बसली होती. तिनं वर न पाहताच सुरुवात केली. "गिरणीवर गेलती मी. नलू नायकीण माह्याशी बोलली नाही. नायकाच्या घरचं कोणी बोललं नाही. कायले पडतं त्या शिट्टीच्या भानगडीत? तुह्या बापाले ट्रकवर फोन गेला, तो तिकडं काळजी करून राह्यला."

"आई, हात लागला होता."

"असंन. पण तू एकलीनंच पाह्यलं ना?"

एकटीनं नव्हतं पाहिलं. आणखी एकजण होता, ज्याला ते पुरतं माहीत होतं. पण त्याचं नाव घेतलं की त्याचा करार जाणार. तिनं चुलीत काटकी सारली.

ती रोज सकाळी शाळेच्या मैदानावर धावायची. पॅनलची परीक्षा म्हणजे आधी दमसासाची परीक्षा. दुसऱ्या सकाळी धुक्यासारख्या पावसात कुणीतरी तिच्या बाजूनं धावू लागलं.

"इथं कायले?" ती धापा टाकत म्हणाली.

"मी पण पळते."

"पळतो!"

"मॅडम, तू पळ. व्याकरण नंतर."

मग तो रोजच यायला लागला. धावून झालं की दोघं शाळेच्या व्हरांड्यात बसत. तो तिला श्वास कसा सांभाळायचा ते दाखवी, ती त्याला 'मी येतो, मी जातो' घोकायला लावी. तो मुद्दाम चुके. तिला ते कळे, तरी ती दुरुस्त करी. कधी तो तिच्या ओल्या वेणीच्या टोकावरून ठिबकणारं पाणी पाहत बसे. मग दोघांत पाऊसच काय तो बोलत राही.

"फिलिपाइन्सवाले पण बोलावून राह्यले," एकदा त्यानं सांगितलं. तो 'राह्यले' ऐकून तिला गंमत वाटली. "नॅशनल टीमचा कॅम्प आहे. मी उत्तर दिलं नाही."

"काहून?"

"काका म्हणतो, इथं राह्य. इथला क्लब, मग पुढं इथला पासपोर्ट. पण इथला घेतला तर तिथला सोडावा लागतो. तिथला म्हणजे... आईचा." त्यानं गवताची काडी मोडली. "एका देशाकडून एकदा खेळलं की झालं. आयुष्यभराचं ठरतं."

"अन् तुह्या मनात काय आहे?"

त्यानं तिच्याकडं पाहिलं. खूप वेळ पाहिलं. "आधी एकच होतं मनात. आता... जवळ राहावं वाटते."

"वाटतं," ती पुटपुटली. पण तिचे कान तापले होते.

चौकशीची गोष्ट तिनं त्याला सांगितली नव्हती. ती त्याला काकाकडून कळली. शुक्रवारी तो आला तो धावलाच नाही.

"मी रविवारी येतो. खरं सांगतो," तो म्हणाला. क्रियापदं बरोबर होती. म्हणजे तो चेष्टेत नव्हता.

"नाही." बबितानं मान हलवली. "तिथं पेपरवाला येणार आहे. तुह्यं नाव छापून येईल. क्लब सोडून देईल तुले."

"मग तुझं काय?"

"माह्यं मी पाहीन."

त्याच संध्याकाळी लखीराम नायक स्वतः बबिताच्या घरी आले. जमनीनं बाज टाकली, पाण्याचा तांब्या दिला. नायकांनी दोन घोट घेतले. त्यांचा आवाज चढेल अशी बबिताची तयारी होती. आवाज उलट उतरला होता.

"पोरी, मी तुह्याशी भांडाले नाही आलो. माहा एकच भाऊ. परदेशात गेला अन् तिकडंच गेला. त्याले खांदा देता आला नाही मले. आता त्याचं पोरगं आलं आहे. वाटतं, हे तरी राहावं." त्यांनी तांब्या खाली ठेवला. "ते हरून, चिखलात तोंड घालून या गावातून जावं, हे मले पाह्यवत नाही. तू फक्त एवढं म्हण, की चिखलात नीट दिसलं नाही. झड होती, चुकलं असंन. बस. मी तक्रार मागं घेतो. सामना पुन्हा होते, फायनल तुलेच भेटते. सचिव तसं म्हणून राह्यले."

बबिता दाराच्या चौकटीला टेकली.

नायकांनी जमनीकडं एकदा पाहिलं, मग पुन्हा तिच्याकडं. "अन् पोरगा रोज सकाळी कोणाच्या शाळेत पळाले जाते, ते मले माहीत आहे. आमी राठोड, तुमी चव्हाण, कूळ वेगळं. काही अडचण नाही. तो इथं राह्यला, तर तुह्या घरी मीच येईन, मागणीचं हळदीकुंकू घेऊन. समजलं काय?"

ते उठून गेले. जमनी लेकीकडं पाहतच राहिली. "खरं हाये हे?"

बबितानं तोंड फिरवलं. दाराबाहेर पाऊस पडत होता. एक वाक्य! नीट दिसलं नाही. कुणाचं काय जाणार होतं? फायनल राहिली असती, पॅनल राहिलं असतं, तांडा पुन्हा बोलू लागला असता. आणि तो... तो जवळ राहिला असता. तिला हवं ते सगळं त्या एका वाक्यापलीकडं मांडून ठेवलं होतं. आणि अलीकडच्या बाजूला काय होतं? एक ओला तळहात, जो तिनं दिवसाउजेडी पाहिला होता. आज तो दिसला नाही म्हटलं, तर उद्या शिट्टी वाजवताना स्वतःच्याच डोळ्यांवर विश्वास कसा ठेवायचा?

शनिवारी सकाळी तो आला तेव्हा ती व्हरांड्यात उभी होती. बूटसुद्धा घातले नव्हते.

"बादल, तू उद्या सकाळच्या बसनं नागपूरले जा. तिथून क्लबात."

"उद्या? पण सही तर अजून—"

"लवकर जा. इथं थांबू नको."

"तू मले जा म्हणते?"

"हो."

"काहून?"

या वेळी त्या शब्दात गंमत नव्हती. बबितानं नजर मैदानाकडं वळवली. "कारण तू थांबला तर उद्या येशील. अन् तू आला तर... तुह्यं सगळं जाईन. मले ते नाही पाह्यजे. माह्या खऱ्याची किंमत तू नको देऊ."

तो काहीतरी बोलणार होता. मग मान खाली घालून तो पावसात निघून गेला. ती तो दिसेनासा होईपर्यंत पाहत राहिली, आणि मग व्हरांड्याच्या पायरीवर बसून पोटभर रडली.

रविवारी सकाळी ती घरातून निघाली तेव्हा नाल्याच्या पुलावरून बस गेली. खिडकीत तो बसला होता. त्यानं हात केला नाही. तिनंही केला नाही.

चौकशी शाळेच्या सभागृहात होती. टेबलामागं सचिव आणि दोन पंच. एका बाजूला नायक आणि तांड्यातली सगळी पोरं, खिडकीशी पेपरवाला, दारात शाळेच्या मुली. बबिताची बाजू म्हणजे एक रिकामा बाक.

"मॅडम, तुमचं काय म्हणणं?"

"चेंडू गोलमध्ये जाऊन राह्यला होता. बचाव करणाऱ्या खेळाडूनं तो उजव्या हाताच्या तळव्यानं अडवला. मले स्पष्ट दिसलं."

"चिखल होता. पाऊस होता." सचिव समजुतीच्या सुरात म्हणाले. "काही चूक होऊ शकते ना? माणूस आहे."

नायक पुढं झुकले. सगळं सभागृह तिच्या ओठांकडं पाहत होतं. ते वाक्य जिभेच्या टोकावर आलं, तिला त्याचं वजनसुद्धा जाणवलं...

"होऊ शकते," ती म्हणाली. "पण झाली नाही. हात होता."

एकदम गलका झाला. कुणी म्हणालं खोटारडी, कुणी म्हणालं गर्वाची. नायकांनी डोळे मिटून घेतले. सचिवांनी पेन उघडलं आणि विचारलं, "तो खेळाडू कुठं आहे?"

"गेला तो," नायक म्हणाले. "परत गेला."

"मग तांड्याकडचे एवढे साक्षीदार अन्—"

"हात होती."

दारातल्या मुली बाजूला झाल्या. तो उभा होता. डोक्यापासून पायापर्यंत निथळत, खांद्यावर बॅग, छाती धपापत. करंजीला बसमधून उतरून तो एका मालट्रकमधून परत आला होता, हे नंतर कळलं. त्या क्षणी बबिताला फक्त एवढंच दिसलं, की तो तिच्याकडं पाहत नव्हता. तो काकाकडं पाहत होता.

"मी बादल राठोड," तो सावकाश म्हणाला. "मी हात लावली. मॅडमनं बरोबर पाहिली."

एरवी पोरं फिदीफिदी हसली असती त्या 'लावली'ला. कुणी हसलं नाही.

पेपरवाला पुढं सरसावला. "तुमी मूळचे इथलेच काय? चेहरा पाह्यला आहे मी कुठीतरी..."

बबिता उठून उभी राहिली. नको, असं तिच्या डोळ्यांत लिहिलेलं होतं. त्यानं ते वाचलं, आणि तरी सांगितलं. "फुटबॉलमध्ये माझं नाव मार्को आहे. मार्को राठोड."

"कायले आला रे बापा..." लखीराम नायक हळूच म्हणाले. त्यांचा आवाज फुटला होता. "कायले आला..."

"काका, बाच्या गावात खोटं बोलून राहता येत नाही," तो म्हणाला.

तक्रार फेटाळली गेली आणि दुपारी फायनल झाली. शिट्टी बबितानं वाजवली. तांड्यातली पोरं दोरीमागं उभी होती, तोंडं पाडून, पण एकानंही तिच्या निर्णयावर आवाज काढला नाही. सामना संपला तेव्हा ती त्याला शोधत राहिली. तो कडुलिंबाखाली फोन कानाला लावून उभा होता. बोलत नव्हता, नुसता ऐकत होता.

"गेलं," फोन खिशात टाकत तो म्हणाला. "पेपरवाल्यानं फोटो टाकला, क्लबनं पाहिला. म्हणाले, नियम तो नियम."

"माह्यामुळं..."

"हात माझा होता, बबिता."

त्यानं पहिल्यांदाच तिला नावानं हाक मारली होती. ती रडत होती आणि तो तिच्याकडं असा पाहत होता, की जणू काही गमावलंच नाही.

"आता?"

"मनिलाला सांगितलं, येतो. कॅम्प आहे ना." त्यानं पायानं चिखल उकरला. "तिकडून खेळलो की इकडचं दार बंद."

दोन दिवसांनी ती त्याला हायवेवर सोडायला आली. नागपूरची बस यायची होती. नायक आले नव्हते. त्यांनी घरूनच निरोप दिला होता, तो दारात, त्याच्या डोक्यावर हात ठेवून. इमरानभाई दुकानातून पाहून न पाहिल्यासारखं करत होते. झड थांबली होती, पण कडुलिंबांवरून थेंब गळतच होते.

"तुले राहायचं होतं," बबिता म्हणाली.

"हो."

"नायक काकांनी मले सांगतलं होतं, तू राह्यला तर ते काय करणार होते. मी एकदा 'दिसलं नाही' म्हटलं असतं, तर तू इथंच राह्यला असता." तिनं छत्री चेहऱ्यापुढं झुकवली. "मी नाही म्हटलं. राग आला असंन तर आताच सांग."

तो वळला. त्यानं तिच्या हातातली छत्री हळूच घेतली आणि मिटली, म्हणजे तिला तिच्यामागं लपता येईना. "माझ्या आयुष्यात सगळे लोक मला पाहून काहीतरी दुसरंच पाहतात. फिलिपिनो. बोंबाय. नेपाळी. तू एकटी होती, जिनं जे होतं तेच पाहिलं. मला राग कसा येईल?"

बस वळणावर दिसली. आता वेळच नव्हता. जे मनात होतं ते मराठीत म्हणायला तिला एकदम लाज वाटली. मग तिनं ते आईच्या बोलीत म्हटलं, त्याच्या बापाच्या बोलीत.

"तू मन आछो लागछ, बादल." तू मला आवडतोस, एवढंच ते होतं.

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तो काही बोलायच्या आत कंडक्टर ओरडला, आणि तो पायरीवर चढला. बस हलली. दारातून वाकून त्यानं काहीतरी जोरात म्हटलं, पण मागून आलेल्या ट्रकच्या भोंग्यात ते बुडालं. दिवसभर ती त्या बुडालेल्या वाक्याचाच विचार करत राहिली. संध्याकाळी फोनवर अक्षरं उमटली. 'मी म्हणालो, मी परत येतो. येतो, बरोबर ना?'

कापसाची वेचणी सुरू झाली तेव्हा फिलिपाइन्सचा सामना झाला. तांड्यातल्या पोरांनी समाजमंदिरात मोठ्या पडद्यावर तो लावला. तो देश नकाशात कुठं आहे हे निम्म्यांना माहीत नव्हतं. बबिता मागं, दाराशी उभी होती. तिचं नाव राज्याच्या पॅनलवर लागलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी तिला पहिल्या सामन्यासाठी नागपूरला जायचं होतं. सामना संपत आला तरी बादल बाकावरच. मग एक खेळाडू लंगडत बाहेर आला, आणि तो उठला. पाठीवर नाव होतं, राठोड.

तांडा असा ओरडला, की पत्रे हलले. सगळ्यांत पुढं बसलेले लखीराम नायक मात्र गप्प होते. पागोट्याच्या टोकानं डोळे टिपत होते. मग त्यांनी मागं वळून, एवढ्या गर्दीत, बबिताला शोधलं.

"ये पोरी," ते म्हणाले. "इथं समोर बस. तिथून काय दिसंन तुले?"

ती पुढं जाऊन त्यांच्या शेजारी बसली. तक्रारीबद्दल ते काही बोलले नाहीत, तीही बोलली नाही. पुढच्या आठवड्यात ते हळदीकुंकू घेऊन तिच्या घरी आले. बबितानं तिचं म्हणणं सरळ सांगितलं. तिला पॅनल सोडायचं नव्हतं, त्याला संघ. काही महिने तो इकडं, काही महिने ती तिकडं, असंच चालायचं सुरुवातीला. जमनीला हे संसाराचं गणित काही पटेना. "हे काय लग्न हाये का बदलीची नोकरी?" ती म्हणाली. नायक हसले. "आपले आजे-पणजे बैलांवर मीठ लादून मुलूख पालथा घालत होते, जमनी. घर मोडलं काय कोणाचं?"

थंडीत तो आला. एकटा नाही, आईला घेऊन.

बस हायवेवर थांबली. आधी एक ठेंगणी, गोऱ्यापान चेहऱ्याची बाई उतरली. कुरळ्या केसांत पांढऱ्या बटा, अंगावर नवाकोरा स्वेटर. तिनं रस्त्याकडं पाहिलं, कापसाच्या गाड्यांकडं पाहिलं, बराच वेळ पाहिलं. जणू कुणीतरी वर्णन करून सांगितलेलं ती पडताळून पाहत होती. बबितानं महिनाभर फोनवर शिकून ठेवलं होतं, की तिकडं मोठ्यांचा हात घेऊन आपल्या कपाळाला लावतात. ती पुढं झाली, तिनं हात धरायला हात पुढं केला...

पण लूझबाईंना देवीलालनं वेगळंच शिकवून ठेवलं होतं. आपल्या तांड्यात बाया भेटल्या की गळ्यात पडून रडतात, असं त्यानं कधीकाळी मस्कतच्या खोलीत तिला सांगितलं होतं. तिनं बबिताच्या गळ्याला मिठी मारली आणि मोठ्यानं रडायला सुरुवात केली. पहिल्यांदा रीत म्हणून. मग आवाज बदलला. रीत मागं पडली, आणि जे आत साचलं होतं तेच बाहेर यायला लागलं. जमनी धावत पुढं आली, तिनं दोघींना कवटाळलं आणि जुन्या सुरात ढावलो, तांड्यातल्या बायकांचं रडगाणं, धरला. शब्द एकीचे दुसरीला कळत नव्हते. कळायची गरजही पडली नाही.

बादल दोन्ही हातांत बॅगा घेऊन रस्त्याच्या कडेला उभा होता. कुणाचं त्याच्याकडं लक्ष नव्हतं. लूझबाईंच्या खांद्यावरून बबितानं त्याच्याकडं पाहिलं. डोळे वाहत होते, आणि ओठांवर हसू होतं.

"उभा काय राह्यला?" ती म्हणाली. "चल घरी."